राखणीचा डायोड

आमच्या पलीकडच्या गावात एक भोळा माणूस राहतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावची माणसं बाजाराला आमच्याकडेच येतात. माणसाचं नाव मात्र सांगतो, कारण त्याला त्याचं काही वाटणार नाही. त्याचं नाव महिपती. अंगाने दांडगा, तोंडाने गोड, कामाला कधी नाही म्हणणार नाही. अडचण एवढीच होती की तो सांगितलेलं ऐकायचा.

बाकीच्या आया पोरं ऐकत नाहीत म्हणून रडतात. महिपतीची आई तो ऐकतो म्हणून रडायची. एकदा ती म्हणाली, दुधावर लक्ष ठेव. त्याने ठेवलं. दूध वर आलं, पातेल्याबाहेर गेलं, चूल विझली, आणि महिपती शेवटपर्यंत बघत होता. दूध कुठे कुठे गेलं ते त्याने नंतर बरोबर सांगितलं. त्या दिवशी आईने हात टेकले आणि त्याला कोंडाआत्याकडे पाठवून दिलं.

कोंडाआत्या म्हणजे त्याच्या बापाची थोरली बहीण. एसटीच्या थांब्यासमोर तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेल्यावर तिने ते बंद केलं नाही, उलट वाढवलं. फवारणीचे पंप, वजनकाटे, भजनाचा अॅम्प्लिफायर, अशी बॅटरीवर किंवा थोडक्या व्होल्टेजवर चालणारी सगळी यंत्रं तिच्याकडे येतात. त्या गावची लाइट खोडील आहे. जाताना गुपचूप जाते आणि येताना लाथ घालून येते. त्या लाथेने नाजूक सर्किटं मरतात. ती मरू नयेत म्हणून आत्या त्यांत डायोड बसवते. डायोड म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी वस्तू, तिच्या एका टोकाला पांढरी पट्टी. पट्टी कुठल्या बाजूला ठेवायची, यातच सगळी कला आहे.

आणि आत्याला ती पट्टीच दिसेनाशी झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

त्यात साळूबाईची अंडी आली. साळूबाई दुकानाच्या मागे राहते. तिचं घर कोंबड्यांवर चालायचं. तिच्या माहेरच्या जातीच्या कोंबड्या, काळ्या, चपळ, नजर लागावी अशा. त्या वर्षी मानमोडीची साथ आली आणि आठवड्यात खुराडं रिकामं झालं. टोपलीत साठवलेली अंडी तेवढी राहिली. उबवायला कोंबडीच उरली नाही, तेव्हा आत्याने दुकानाच्या मागच्या पडवीत एका जुन्या फ्रिजच्या खोक्यात बल्ब लावले, बल्ब लावून-विझवून ऊब राखणारं बारा व्होल्टचं सर्किट बसवलं आणि अंडी आत ठेवली. सर्किट जळलं की ऊब गेली, आणि ऊब गेली की अंडी गेली. मग साळूबाईच्या दारात परत कोंबडं आरवणार नव्हतं. ती रोज येऊन खोक्याला हात लावून बघायची आणि परत जायची.

अंडी ठेवली आणि आत्याला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. नेमकी पिल्लं निघायच्या सुमाराची. ती चुकवली तर पुढची तारीख दिवाळीनंतर. सोबतीला साळूबाईच जाणार होती, कारण आत्याच्या घरात दुसरी बाई नव्हती आणि साळूबाईला नाही म्हणवत नव्हतं. म्हणजे खोकं महिपतीच्या हवाली करणं आलं. आत्याने ठरवलं, त्याआधी त्याला डायोड निवडायला शिकवायचं. माणूस दगड नाही, शिकेल, असं ती म्हणाली. तिला दिसत नव्हतं हे लक्षात ठेवा.

पहिलं काम आलं पाण्याच्या मोटरीच्या बोर्डाचं. आत्याने समजावलं की या बोर्डात रिले, म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण आहे, रिलेच्या पोटात तारेचं रीळ आहे, आणि वीज बंद केली की ते रीळ मागे लाथ मारतं, धार काढून झाल्यावर खोडील म्हैस मारते तशी. ती लाथ झेलायला डायोड. पट्टी बघून लाव, ती म्हणाली.

महिपतीने डायोड उजेडात धरला. पट्टी बघितली. मग लावला. बटण दाबलं तसा फट् आवाज झाला आणि बोर्डाच्या कोपऱ्यातून जळका वास आला.

"पट्टी बघितलीस न्हवं?" आत्याने विचारलं.

"बघितली की."

"मग?"

"पांढरी हाय."

आत्याने जळका बोर्ड चाचपडून जवळ ओढला. मग म्हणाली, नुसती बघायची नसते. इथे डायोड उलटा लावायचा, पट्टी प्लसच्या बाजूला.

"बरं," महिपती म्हणाला. "आता कळलं. उलटा."

दुसऱ्या दिवशी दिनकरअप्पा फवारणीचा पंप घेऊन आले. अप्पा मोठे बागायतदार, पण बॅटरीच्या तारा हमखास उलट्या जोडायचे आणि पंप जाळून आणायचे. आत्या डोळ्यांत औषध घालून आडवी झाली होती. आतूनच तिने सांगितलं, अप्पांच्या पंपाला वाटेत एक डायोड घाल, म्हणजे तारा उलट्या जोडल्या तरी वीज आत शिरणार नाही. महिपतीने कालचा धडा आठवला आणि वाटेत डायोड घातला. उलटा.

अप्पांनी त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, तारा बरोबर जोडल्या. पंप पाठीवर टाकून ते मिरचीच्या रानात सकाळभर फिरले. एका सरीतून गेले, दुसरीतून आले. नळी हलत होती, थेंब पडत नव्हता. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे पंपाचा आवाज नाही हे त्यांना कळलं नाही, आणि औषध संपत नाही याचा त्यांना आनंदच झाला. मिरचीवरच्या अळ्याही समाधानी होत्या. चार दिवसांनी अप्पा झाड उपटून घेऊन आले आणि ते आत्याच्या टेबलावर ठेवून गेले.

आत्याने महिपतीला समोर बसवलं. म्हणाली, डायोड वाटेत उभा केला की सुलटा. तिथे त्याने वीज जाऊ द्यायची. आडवा टाकला, म्हणजे प्लस आणि मायनसच्या मधे, की उलटा.

"म्हंजी वीज जाऊ द्यायची," महिपती म्हणाला. एवढंच त्याच्या मनाला लागलं होतं, कारण त्यावरून मिरची गेली होती.

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला. भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालतो. माधवबुवांनी तो आणून दिला आणि म्हणाले, मागच्या साली ऐन रंगात आवाज गेला होता, यंदा काहीतरी बंदोबस्त करा. आत्याने सांगितलं, एक डायोड आडवा टाक. महिपतीने आडवा टाकला. पण वीज जाऊ द्यायची हे तो विसरला नव्हता, म्हणून सुलटा टाकला.

आडवा आणि सुलटा डायोड म्हणजे प्लसपासून मायनसपर्यंत मोकळा रस्ता. बुवांनी सूर लावला, मंडळातल्या पोराने बॅटरी जोडली, आणि सगळी वीज त्या मोकळ्या रस्त्याने धावली. तारा लाल झाल्या. पेटीशेजारून दाट धूर निघाला. मागे बसलेल्यांना वाटलं धूप घातला, त्यांनी हात जोडले. पुढे बसलेल्यांना काय झालं ते कळलं, पण मागचे हात जोडून बसले आहेत म्हटल्यावर त्यांनीही जोडले. बुवा तेवढे धोतर सावरत बाजूला झाले.

"आत्या, तूच म्हनलीस, जाऊ द्यायची," महिपती म्हणाला.

"ती वाटेतल्यानं. आडवा असतो त्यो राखणदार. त्यानं कशाला जाऊ द्यायची?"

मग आत्याने त्याला राखणदार म्हणजे काय ते सांगितलं. ही गोष्ट तिच्या आवडीची होती, त्यामुळे तिने ती मन लावून सांगितली. झटके झेलायला खास डायोड मिळतात, ती म्हणाली. "रोजच्या वक्ताला त्यानं गप पडून ऱ्हायचं. आहे का न्हाई कळू नये. पर झटका आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत उठायचं, सगळा झटका आपल्या अंगावर घ्यायचा, जमिनीत घालायचा, आन् परत गप पडायचं. ह्यो चांगला राखणदार."

महिपतीला हे फार आवडलं. त्याने ते तिच्याकडून परत वदवून घेतलं आणि पाढ्यासारखं पाठ केलं. झोपेतही म्हणायचा. आत्या म्हणाली, आता गाडी रुळावर आली.

मग डेअरीचा वजनकाटा आला. बारा व्होल्टवर चालणारा. आत्याने सांगितलं, डब्यातून राखणदार घे, पट्टी प्लसकडे, आणि आकडा बघून घे. डायोडवर आकडा असतो, तेवढे व्होल्ट झाले की तो जागा होतो. महिपतीने आकडे बघितले. काटा टेबलावर मावण्याएवढा लहान होता, म्हणून त्याने लहान आकडा घेतला. पाचाचा.

आता बाराच्या यंत्राला पाचाला जागा होणारा राखणदार म्हणजे त्याला झोपच नाही. झटका येवो न येवो, तो सगळी वीज अंगावर घेत राहिला. काटा बंद, डायोड तापलेला. सकाळी डेअरीसमोर दुधाच्या किटल्यांची रांग लागली, काट्यावर आकडा उमटेना, दूध नासायला लागलं. डेअरीचे सचिव सर्जेराव एरवी मऊ बोलणारे. पण त्या दिवशी ते काटा काखेत मारून तरातरा दुकानात शिरले आणि त्यांनी असा आवाज चढवला की समोरची एसटी सुटायची थांबली.

महिपती कोपऱ्यात गप्प बसला होता. त्याने ऐकलं. रोजच्यापेक्षा हे फार वर होतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो उठला, त्याने सर्जेरावांना अंगावर घेतलं, जमिनीत घातलं, आणि परत कोपऱ्यात जाऊन गप्प बसला.

सर्जेराव जमिनीवरून आत्याकडे बघत होते. आत्याला ते नीट दिसत नव्हते, पण काय झालं असेल ते तिला कळलं. तिने त्यांना उठवलं, धूळ झटकली, चहा पाजला, काटा तिथल्या तिथे स्वतः चाचपडत नीट करून दिला. ते गेल्यावर ती महिपतीवर चिडली. म्हणाली, माणसांना जमिनीत घालतात का? आणि राखण तुला कुणी सांगितली? राखण तू करायची नाहीस, कधीच करायची नाहीस. राखणीला वेगळा ठेवायचा, निवडून. आणि पाचाचा कशाला घेतलास, मोठा आकडा घ्यायचा.

"बरं," महिपती म्हणाला. "म्या न्हाई. वेगळा. आन् मोठा."

पुढचं काम होतं ग्रामपंचायतीवरच्या लाल आकड्यांच्या घड्याळाचं. ते पाच व्होल्टवर चालतं. महिपतीने डबा उपडा केला आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधून काढला. दोनशेचा. गावात आजवर कोणी कोणाला एवढा मोठा राखणदार दिला नसेल. घड्याळ भिंतीवर चढलं. दुपारी लाइट गेली, संध्याकाळी नेहमीची लाथ घालून आली, आणि घड्याळ काळं पडलं. ते उतरवून आणलं तेव्हा आतलं सर्किट भाजलेल्या पापडासारखं झालं होतं. महिपतीने डायोड तपासला आणि आनंदाने आत्याला सांगितलं की डायोड शाबूत आहे, ओरखडासुद्धा नाही.

आत्याने कपाळावर हात मारला. म्हणाली, लेकरा, घड्याळ दहा व्होल्टला मरतं आणि तुझा राखणदार दोनशेला उठतो. तो उठेपर्यंत मढं गार झालं. मग तिने त्याला एक खूण सांगून ठेवली.

"राखणदार शाबूत आन् राखायचं ते मेलं, म्हंजी समज आकडा मोठा झाला. मग लहान घ्यायचा. रोजच्याच्या जरा वर, पर मरायच्या खाली. बाराला पंधराचा. आन् राखणदारच मेला पर सर्किट वाचलं, तर त्याच आकड्याचा दुसरा लाव, त्यानं आपलं काम केलं."

महिपतीने ही खूण मनात नीट ठेवली. या वेळी तो कळलं म्हणाला नाही, नुसती मान हलवली. आत्याला वाटलं, आता खरंच कळलं असेल.

ऑपरेशनच्या दिवशी दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. साळूबाईच्या हातात पिशवी, डोळे मागे दुकानाकडे. अंड्यांना आता दोन-तीन दिवस उरले होते. तिने महिपतीला एवढंच सांगितलं, "बाबा, माझं एवढंच हाय बघ." महिपती गहिवरला. आत्याने त्याच्याकडून सगळा धडा म्हणवून घेतला. एसटी आली तरी तो म्हणत होता, आणि कंडक्टर घंटी न मारता ऐकत राहिला. राखणदार रोजच्या वेळी गप्प. झटक्याला पातं लवायच्या आत. सगळं अंगावर घ्यायचं. मग परत गप्प. बसवायचा दाराशी, जिथून झटका आत येतो तिथे. आणि पट्टी त्या झटक्याच्या बाजूला. एक अक्षर चुकलं नाही. साळूबाई डोळे पुसत गाडीत चढली.

आता जे झालं ते आम्हालाही पटत नाही, पण गावात विचारून बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली, लाइट गेली आणि नेहमीची लाथ घालून परत आली. आत्याने खोक्यात बसवलेला राखणदार मेला. फ्यूज उडाला, बल्ब विझले. महिपतीने सर्किट तपासलं, ते शाबूत होतं. त्याने डब्यातून पंधराचाच दुसरा डायोड घेतला, दाराशी बसवला, पट्टी प्लसकडे, नवा फ्यूज घातला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात बल्ब परत लागले. कोणीही शहाणा माणूस यापेक्षा बरं करू शकला नसता. आम्ही ही गोष्ट इथेच संपवली असती तर महिपतीचं नाव झालं असतं.

पण सकाळी अंडी टिचली. दुपारपर्यंत काळी, ओली, चिवचिवणारी पिल्लं बाहेर आली आणि वाळून कापसासारखी झाली. काही अंडी मागे राहिली होती, ती त्याने आतच ठेवली. मग हॉस्पिटलात फोन लावला आणि सांगितलं, पिल्लं निघाली.

साळूबाई फोनवरच रडायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बायका घाबरल्या, तेव्हा तिने त्यांनाही सांगितलं. मग डोळे पुसून ती कामाचं बोलली. पिल्लं पडवीतल्या लाकडी पेटीत काढून ठेव, वर बल्ब सोड, कण्या आणि पाणी ठेव, पेटीच्या दाराला उभी फट आहे तिथून हवा येते ती बुजवू नको. आणि पडवीत मुंगूस येतं, राखण ठेव. महिपतीला एकदम काहीतरी आठवलं. त्याने आत्याला फोन द्यायला सांगितलं.

"आत्या, राखण म्या करायची न्हाई न्हवं?"

आत्याच्या डोळ्याला पट्टी बांधलेली, डोकं जड. तिला सर्जेराव आठवले. "तू न्हाई. तुला सांगितलंय न्हवं."

"वेगळा ठिवू?"

"ठेव. निवडाय शिकलायस आता, नीट निवड."

महिपतीने फोन ठेवला. आत्याने आपल्यावर एवढा विश्वास टाकला याचं त्याला फार वाटलं. पेटीला झाकण घालून तो राखणदार निवडायला बाहेर पडला.

आधी त्याने शिंप्याचा कुत्रा बघितला. लोक त्याला चांगला म्हणतात. महिपती त्याच्यासमोर बसून राहिला. सायकल गेली, कुत्रा भुंकला. पान पडलं, भुंकला. कोणी आलं नाही, तरी भुंकला. हा पाचाचा आहे, महिपतीने मनाशी म्हटलं. याला झोपच नाही.

मग थांब्यावरच्या बाकावर झोपलेले सखाआबा बघितले. गावात कुठेही काही राखायचं असलं की आबांना बसवतात. महिपतीने त्यांच्या कानाशी टाळी वाजवली. मग पत्र्याचा डबा वाजवला. आबा हलले नाहीत. हा दोनशेचा.

शेवटी तो पिठाच्या गिरणीत गेला. तिथे पोत्यांवर एक काळा बोका पडला होता. दळण आलं, गेलं. पट्टा कुरकुरला. बायका बोलल्या, भांडल्या. बोका गप्प. आहे की नाही कळू नये असा. तेवढ्यात पोत्यामागून एक उंदीर निघाला. महिपतीचं पातं लवलं नव्हतं. बोका उठला, त्याने उंदीर अंगावर घेतला, जमिनीत घातला, गिळला, शेपटीसुद्धा बाकी ठेवली नाही, आणि परत पोत्यावर जाऊन गप्प पडला.

महिपतीच्या अंगावर काटा आला. आत्याने सांगितलेलं अक्षर न् अक्षर त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. त्याने जवळ जाऊन बोक्याला उजेडाकडे फिरवलं. बोका सगळा काळा होता, फक्त शेपटीच्या टोकाला पांढरी पट्टी. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. असा राखणदार आत्याच्या डब्यातसुद्धा नव्हता. त्याने गिरणीवाल्याकडे बोका मागितला आणि गिरणीवाला म्हणाला, ने बाबा, पण कशाला हवा? महिपती म्हणाला, राखणीला. गिरणीवाल्याला वाटलं उंदरांच्या.

बसवताना त्याने घाई केली नाही. दाराशी, जिथून झटका आत येतो तिथे. पट्टी झटक्याच्या बाजूला. त्याने बोक्याला पेटीत दाराशी ठेवलं, शेपटी फटीतून बाहेर काढली, आणि तोंड आत, पिल्लांकडे. परत एकदा तपासलं. बरोबर होतं. बोका गप्प होता. पिल्लं चिवचिवत होती. महिपतीने झाकण लावलं आणि तो दुकानात जाऊन पडवीकडे पाठ करून बसला, कारण राखण त्याने करायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी आल्या. साळूबाई गाडी थांबायच्या आधीच उतरली आणि पडवीकडे धावली. आत्या मागून आली. तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी काढली होती, आणि कित्येक वर्षांनी त्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. झाकण उघडलं तेव्हा तिला पहिल्यांदा दिसला तो बोका. डोळे मिटून पडला होता, पोट तट्ट, मिशीला काळा कापूस. पेटीत दुसरं काही नव्हतं.

साळूबाई पेटीशी खाली बसली. रिकाम्या पेटीत हात घालून ती कोपरे चाचपत राहिली. ते बघून आत्याला वाटलं, डोळा परत मिटून घ्यावा.

"महिपती," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्याचं तोंड आत का?"

"पट्टी भाईर पायजे न्हवं," महिपती म्हणाला. "शेपटीला हाय."

ही सगळी आत्याचीच शिकवण होती. तेवढ्यात फ्रिजच्या खोक्यातून बारीक टिक् आवाज आला. मग आणखी एक. मागे राहिलेली अंडी टिचत होती. साळूबाई उठली ती जवळजवळ पडतच खोक्याशी पोचली. तिने दार उघडलं, आत बघितलं, आणि खोक्याला दोन्ही हातांनी मिठी मारून हुंदके देऊ लागली. एक पिल्लू अर्धं बाहेर आलं होतं, दुसऱ्याची चोच दिसत होती, आणखी तीन-चार अंडी हलत होती. पुरे होती. एवढ्यांवर परत खुराडं भरलं असतं. आत्याही तिच्याशेजारी बसली आणि दोघींनी मिळून पिल्लांवर पदर धरला.

महिपती मात्र बोक्यापाशीच उकिडवा बसून राहिला होता. त्याने बोक्याचं पोट दाबून बघितलं, कान बघितले, पाय मोजले. कपाळाला आठी घालून तो बराच वेळ विचार करत होता. मग त्याचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला चूक स्वतःची स्वतः सापडली होती.

"आत्या, आता कळलं," तो उठत म्हणाला. "राखणदार शाबूत हाय, पिल्लं गेली. म्हंजी आकडा मोठा झाला. तुम्ही बसा दोघी, म्या लहान आणतो. गिरणीत मांजरीला चार पिल्लं झाल्यात, पट्टी समद्यांना हाय."

आणि दोघींना पदर सोडून उठता येईपर्यंत तो रस्ता ओलांडून गेलाही होता.